दिवसभर काम, आणि संध्याकाळी हात रिकामे

घरून, स्वतःच्या हिमतीवर काम करणारी मंडळी समुपदेशनासाठी माझ्याकडे येतात तेव्हा त्यांची तक्रार साधारण एकच असते. सकाळी नऊला लॅपटॉप उघडला, रात्री अकराला मिटला, मधे धड जेवणही नाही, आणि तरी "आज काय झालं?" असं कोणी विचारलं तर सांगण्यासारखं काही नाही. डिझायनर, भाषांतरकार, ऑनलाइन शिकवण्या घेणारे, जीएसटीची रिटर्न भरून देणारे, सगळे हेच सांगतात. मग जरा आवाज खाली आणून पुढचा प्रश्न येतो: माझ्यातच काही दोष आहे का?

एक व्हिडिओ एडिटर तर दोषाचं नावच घेऊन आला होता. वय तिशीच्या आसपास, राहायला नाशिकरोडला, वडील, म्हणजे घरातले नाना, प्रेसमधून निवृत्त. (बाहेरगावच्या वाचकांसाठी: नाशिकरोडला 'प्रेसमध्ये' म्हटलं की नोटा आणि स्टॅम्प छापणारे सरकारी छापखाने.) त्याच्या संमतीने लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

"मॅडम, मला एडीएचडी आहे. रील्समध्ये सांगतात ती सगळी लक्षणं जुळतात."

निमित्त असं घडलं होतं की दोन प्री-वेडिंग फिल्म तो एकाच वेळी उघड्या ठेवून करत होता. स्वागत समारंभात मोठ्या पडद्यावर फिल्म लागली, गाणं संपलं आणि शेवटच्या पाटीवर नाव आलं ते दुसऱ्याच जोडप्याचं. मुलीच्या वडिलांनी फोटोग्राफरला झापलं, फोटोग्राफरने याचे उरलेले पैसे अडकवले. याची झोप तेव्हापासून गेली. खरं तर ती आधीपासूनच जात चालली होती.

एडीएचडीचं, म्हणजे लक्ष न टिकण्याच्या आणि अतिचंचलतेच्या विकाराचं, आधी बोलते, कारण हल्ली ते पुष्कळांच्या तोंडी असतं. निदान करणं माझं काम नाही, ते मनोविकारतज्ज्ञ किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट करतात. पण लहानपणी कसं होतं, हे मी विचारू शकते. एडीएचडी तिसाव्या वर्षी नव्याने उगवत नाही. त्याची काही लक्षणं वयाच्या बाराव्या वर्षाआधी दिसलेली असावीत, असं निदानाच्या निकषांतच आहे. याने घरी आईला विचारलं. शाळेतून कधी चिठ्ठी आली नाही, डबा-कंपास हरवला नाही, उलट आकाशकंदील करायला बसला की जेवायला चार हाका माराव्या लागायच्या. आता, आवडीच्या कामात तासन्तास रमणं हा पुरावा नव्हे, एडीएचडी असलेली मुलंही तशी रमतात. पण शाळेत काही नाही, नोकरीत काही नाही आणि सगळा त्रास नोकरी सोडल्यानंतरचा, हे एकत्र पाहून थोडं थांबून बघू, असं आमचं ठरलं. ज्यांचा त्रास शाळेपासूनचा आहे त्यांनी मात्र थांबू नये, तज्ज्ञाकडे जावं. पुढे सांगते त्या उपायांनी तो जायचा नाही.

मी त्याला एकच काम दिलं. एक दिवस, समोरचं काम बदललं की वेळ आणि कारण कागदावर लिहायचं. ॲप नको, कागदच. आणि त्या दिवशी सुधारायचं काहीही नाही. तो कॅलेंडरच्या फाडलेल्या पानाच्या मागे लिहून घेऊन आला. त्यातला हा तुकडा:

"११.०५ हळदीच्या क्लिपा लावायला घेतल्या. ११.०९ पिंपळगावहून मेसेज, बेदाण्याच्या पाकिटावरचा हिरवा जरा डार्क करा. ११.१४ डार्क करून पाठवला. ११.१५ दाताच्या दवाखान्याची पोस्ट आज जायची होती, आठवलं. ११.२१ व्हॉट्सॲप, काही नाही. ११.२२ हळद. ११.२६ कुरिअर, नाना म्हणाले तू घरीच आहेस तर घे. ११.३१ मेल, काही नाही. ११.३२ हळद, कुठली क्लिप हातात होती ते शोधलं. ११.४० व्हॉट्सॲप, काही नाही."

मी म्हटलं, जिथे खरोखर कोणी हाक मारली तिथे लाल रेघ मारा. लाल रेघा फारच थोड्या निघाल्या. बाकी सगळीकडे तोच काम सोडून बघायला गेला होता. आणि 'काही नाही' हे शब्द पानभर होते. त्याला स्वतःलाही ते पहिल्यांदाच दिसले.

"पण काही जणांना जमतं ना एकदम दोन-चार गोष्टी करायला?" असं तो म्हणाला. जमतं, थोड्यांना. अमेरिकेत स्ट्रेयर आणि वॉटसन यांनी २०१० मध्ये २०० माणसांना कृत्रिम रस्त्यावर गाडी चालवताना फोनवर गणितं सोडवायला आणि शब्द लक्षात ठेवायला लावले, तेव्हा अडीच टक्के लोकांचं दोन्हीतलं काहीच बिघडलं नाही. म्हणजे पाच जण. मी त्याच्यापुढे कागद ठेवला. आधी क ते म सलग लिहा, मग १ ते २५ सलग लिहा. दोन्ही भराभर झालं. आता क १ ख २ ग ३ असं लिहा. घड्याळाकडे बघायची गरजच पडली नाही. 'ञ'पाशी पेन अडलं, 'ड'नंतर आकडा चुकला, आणि कपाळावर आठी आली. पंचवीस अक्षरं आणि पंचवीस आकडे तेच होते. वाढलं होतं ते फक्त इकडून तिकडे जाणं. आर्थर जर्सिल्ड या मानसशास्त्रज्ञाने १९२७ मध्ये साधारण अशाच, एकाआड एक बदलणाऱ्या यादीवरून इकडून तिकडे जाण्यात जाणारा जादा वेळ मोजला होता. तेव्हा ना मोबाइल होता ना व्हॉट्सॲप.

इथे एक गोष्ट मला नेहमी सांगावीशी वाटते. सारखं व्यत्ययात काम करणारी माणसं हळू काम करतात असं नाही. ग्लोरिया मार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये छापलेल्या प्रयोगात व्यत्यय आलेल्या लोकांनी काम उलट लवकर उरकलं, आणि दर्जाही घसरला नाही. वाढला तो ताण, चिडचिड, वेळ पुरत नसल्याची भावना आणि खर्ची पडलेले श्रम. म्हणूनच फसायला होतं. बिलं निघतात, क्लायंट खूश असतो, आणि काम उरकताना झालेला खर्च रात्री दोन वाजता छातीत धडधड होऊन कळतो. याच्या बाबतीत बायकोच्या लक्षात तो आधी आला होता. "जेवायला समोर बसतो, पण असतो कुठे देव जाणे," असं ती म्हणायची.

आता मूळ दुखण्याकडे. तो काही आळशी नव्हता, चंचलही नव्हता. काम सोडून सारखं बघायला का जावंसं वाटतं, यावर आम्ही बराच वेळ बोललो. शेवटी निघालं ते असं: नोकरी सोडल्यावर पहिल्याच वर्षी एका मोठ्या क्लायंटला त्याने एक दिवस उशिरा उत्तर दिलं. ते काम दुसऱ्याकडे गेलं, आणि त्याबरोबर महिन्याची जवळजवळ निम्मी कमाई गेली. त्या दिवसापासून कोणी वाट बघतंय का, हे बघत राहणं सुरू झालं. नोकरीत एक साहेब असतो, याने सात करून घेतले होते. मला तर वाटतं की तो सात कामं एकदम करतच नव्हता. सात जणांना आपण हजर आहोत एवढंच दाखवत होता, आणि त्यातून उरलेल्या वेळात एडिटिंग.

हे कळल्यावर उपायही बदलतो. पंचवीस मिनिटांचा टायमर त्याने आधीच करून पाहिला होता. एडिटिंगला सूर लागायलाच तेवढा वेळ जातो, आणि टायमरकडे बघणं हे आणखी एक काम होऊन बसलं. माझं मत विचाराल तर, भीतीपोटी होणाऱ्या गोष्टीवर घड्याळ लावून फारसा उपयोग होत नाही. भीती क्लायंटची असेल तर बोलायला क्लायंटशीच हवं.

आम्ही मिळून एक निरोप लिहिला: "नमस्कार, एडिटिंग सलग व्हावं म्हणून मी मेसेज दुपारी एक आणि संध्याकाळी साडेपाचला बघतो. त्याआधी काही अडलं तर सरळ फोन करा." दोन वाक्यं. पाठवायला त्याला कित्येक दिवस लागले. अखेर सगळ्यात लहान क्लायंटपासून सुरुवात केली. पिंपळगावच्या बेदाणेवाल्यांचं उत्तर आलं, "चालेल भाऊ, आम्ही पण दुपारी मार्केटलाच असतो." दवाखान्याने तर उत्तरच दिलं नाही, नि पोस्ट नेहमीसारख्या येत राहिल्या. पुण्याची एक एजन्सी मात्र अडून बसली: आम्हाला लगेच उत्तर देणारा माणूस हवा. त्यांच्याशी त्याने आठवड्यातले दोन दिवस ठरवून घेतले, त्या दिवशी दुसरं काही नाही. पुढे त्यांचं काम आपोआप कमी होत गेलं. सुरुवातीचे काही महिने कमाई थोडी घटली, हे लपवण्यात अर्थ नाही.

पैशाची धाकधूक असेल तर माणूस येईल ते काम घेतो, म्हणून तोही विषय काढला. निम्मी रक्कम आगाऊ घेतल्याशिवाय फाइल उघडायची नाही, हे त्याने ठरवलं. उद्यम नोंदणीबद्दल, म्हणजे छोट्या व्यावसायिकांच्या सरकारी नोंदणीबद्दल, त्याला काहीच माहीत नव्हतं. २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) कायद्यानुसार नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघु व्यावसायिकाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, नाहीतर व्याज लागतं. सेवा देणाऱ्यांनाही हे लागू आहे. माझ्या खोलीत हा विषय निघतो याचं लोकांना नवल वाटतं. पण थकलेल्या बिलाने उडालेली झोप श्वासाच्या व्यायामाने किती परत येणार?

दुसरी गोष्ट अगदी बारीक. काम मधेच सोडावंच लागलं, तर उठण्याआधी दोन ओळी खरडायच्या: कुठे थांबलो, परत आल्यावर पहिलं काय. सोफी लेरॉय यांनी २००९ मध्ये दाखवलं होतं की अर्धवट सोडलेलं काम मनात रेंगाळतं आणि पुढच्या कामातलं लक्ष खातं. नंतर, २०१८ मध्ये, थेरेसा ग्लॉम्ब यांच्यासोबत केलेल्या अभ्यासात अशा दोन ओळींनी ते रेंगाळणं कमी होतं, हेही दिसलं. "हळद, मामी उष्टी हळद लावते तिथे थांबलो, पुढे ढोल," अशा त्याच्या चिठ्ठ्या आता मॉनिटरच्या कडेला असतात. रेंडर चालू असताना, म्हणजे कॉम्प्युटर फिल्मची अंतिम फाइल तयार करत असताना, काय करायचं, हाही त्याचा प्रश्न होता. काम तेव्हा मशीन करत असतं, तुम्ही उठा, खालून दूध आणा. फक्त त्या वेळात दुसरी फाइल उघडू नका. आणि इस्त्री करता करता गाणी ऐकणं, चालता चालता मित्राशी फोनवर बोलणं खुशाल करा, सवयीच्या कामाला डोकं फारसं लागत नाही.

घरच्यांचं काय? नानांना मी एकदा बोलावून घेतलं. मुलगा घरी बसून काय करतो हे त्यांना कधी नीट कळलंच नव्हतं. "काका, तुमच्या ड्युटीच्या वेळेत घरून कोणी कुरिअर घ्यायला बोलावलं असतं का?" असं विचारलं तर हसले. "आम्ही गेटच्या आत गेलो की घर मेलं का जगलं कळायचं नाही, मॅडम." मग स्वतःच म्हणाले, दहा ते एक त्याच्या खोलीचं दार वाजवणार नाही. कुरिअर आता नाना घेतात. सही करायला त्यांना आवडतंही.

झोप सुधारायला सगळ्यात जास्त वेळ लागला. इतकं करूनही दोन-तीन आठवडे झोप नसेल, जेवण तुटलं असेल, कशातच मन लागत नसेल, तर हा प्रश्न कामाच्या सवयींपुरता राहत नाही. तेव्हा डॉक्टरांना दाखवावं. टेली मानस ही सरकारी हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.

परवा तो आला तो सिंहस्थाची कामं घेऊन. २०२७ च्या पर्वणीआधी नाशकात व्हिडिओवाल्यांना मागणी वाढायला लागली आहे आणि त्याच्याकडे एकदम तीन चौकशा होत्या. पूर्वी त्याने तिघांना "हो, करू की" म्हटलं असतं. या वेळी एकाला होकार, एकाला दोन महिन्यांनंतरची तारीख, आणि तिसऱ्याला मित्राचा नंबर दिला होता. तिसऱ्याचं बोलताना आवाज जरा बारीक झाला, ते काम मोठं होतं. रविवारचे मेसेज अजून तो बघतोच. पुढच्या भेटीला बायकोलाही घेऊन या म्हटलंय, जेवणाच्या टेबलावर फोन कुठे ठेवायचा ते तिघांत ठरवू.