‘गट नंबर’ आणि ‘सातबारा’ हे शब्द आधी ॲपमधून काढून टाका, मग कार्यशाळांचं बघू

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: विद्यापीठाला बेळगाव आणि खानापूर तालुक्यांतल्या शेतकऱ्यांना सोबत घेऊन ॲप करायचंय, तर कार्यशाळा किती घ्याव्यात आणि भाषा मराठी ठेवावी की कन्नड? दुसऱ्यापासून सुरू करतो.

मराठी ठेवा, पण इथली. काही वर्षांपूर्वी एका कॉलेजच्या अशाच प्रकल्पात मी ‘गावाकडचा माणूस’ म्हणून होतो. मुलांनी मजकूर अगदी स्वच्छ मराठीत लिहून आणला होता. पहिल्याच पडद्यावर ‘गट नंबर टाका’, खाली ‘सातबारा जोडा’. येळ्ळूरकडच्या एका काकांनी मोबाईल लांब धरून वाचलं आणि विचारलं, “हे कोल्हापूरवाल्यांसाठी आहे काय?” ते शब्द महाराष्ट्रातले; आपल्याकडे, कर्नाटकात, सर्व्हे नंबर आणि हिस्सा. उतारा म्हणजे पहाणी, आणि ती कन्नडमध्ये. बोलणं मराठीत नि कागद कन्नडात, यातच आपल्या शेतकऱ्याचं आयुष्य जातं. शेवटी काकांनीच तोड सुचवली: पहाणीवर जो कन्नड शब्द जिथं छापलाय, तो तसाच मराठी शब्दाशेजारी दाखवा. वाचता नाही आलं तरी अक्षराला अक्षर जुळवता येतं. आमच्या त्या अख्ख्या प्रकल्पात धड जमलेली गोष्ट ती एकच.

टायपिंगवर फार भिस्त ठेवू नका. गुजरातमध्ये ‘आवाज ओटलो’ म्हणून एक प्रयोग झाला होता, अमेरिकन विद्यापीठांतले संशोधक आणि तिथली एक ग्रामीण संस्था यांचा. शेतकरी साध्या फोनवरून प्रश्न बोलून ठेवायचे आणि दुसऱ्यांचे प्रश्न, उत्तरं ऐकायचे. ओटलो म्हणजे आपला ओटाच. पंधरा वर्षं उलटली त्याला, पण आजही नवीन ॲप उघडलं की आधी पासवर्ड मागतं!

बाजारभाव हवाच, असं धरून चालू नका. आम्ही रताळ्याचा भाव दाखवणारा पडदा मोठ्या हौसेनं केला. लोक म्हणाले, भाव अडत्या फोनवर सांगतो; आज यार्डात गाड्या किती आल्यात ते सांगा, म्हणजे आज काढायची की दोन दिवस थांबायचं ते ठरवू. मुलांचा महिन्याचा घाम होता त्या पडद्यात. सरांनी तो काढू दिला नाही. ‘शेतकऱ्यांसोबत’ म्हणताना हे आधी ठरवा, की त्यांनी नको म्हटलेलं खरंच काढणार आहात का. नाहीतर ती नुसती चहापाण्याची बैठक.

हवामानही तालुक्याचं म्हणून दाखवू नका. कणकुंबी-जांबोटीत पाऊस कोसळत असतो तेव्हा त्याच खानापूर तालुक्याच्या पूर्वेकडच्या गावात माणूस ढगाकडं बघत बसलेला असतो.

बायकांचं वेगळं बघावं लागेल. भाताची रोपं लावणं, भांगलण म्हणजे तण काढणं, हे त्यांच्या हातात आणि फोन पोराच्या खिशात. दुपारी देवळात सभा घेतलीत तर रिकामे पुरुष येतील आणि बायकांच्या वतीनं तेच बोलतील. बचत गटाच्या बैठकीला जा, रात्री आठनंतर, आणि सोबत मुलीच असू देत. पडदे कागदावर काढून न्या. फोन दिला की सगळ्या शेजारच्या मुलाकडं सरकवतात, कागदावर मात्र बोट ठेवून बोलतात.

आता कार्यशाळा. आकडा विचारू नका, भाताच्या मागं जा. मेअखेरीस कुरीनं धूळवाफ पेरणी, म्हणजे पावसाआधी कोरड्या मातीतली पेरणी, चालू असताना एकदा, भांगलणीत एकदा, आणि नोव्हेंबरात मळणीच्या वेळी एकदा. तुमचं सेमिस्टर याच्याशी जुळणार नाही, आमचंही जुळलं नव्हतं: मुलांची परीक्षा संपली आणि भातावर करपा रोग पडला तेव्हा ॲपला उत्तर द्यायला कुणीच नव्हतं. म्हणून पहिल्या भेटीआधी कृषी विज्ञान केंद्रातल्या किंवा रयत संपर्क केंद्रातल्या (कृषी खात्याच्या इथल्या कार्यालयातल्या) एका माणसाकडून होकार घ्या, की प्रकल्प संपल्यावरही प्रश्न तो बघेल. तसा माणूस नाही मिळाला तर ॲप करू नका, व्हॉट्सॲपचा ग्रुप काढा.