लैंगिक आजारांच्या तपासणीचं ॲप करतेस ना? मग आधी हे बघ

तू या कामात नवी आहेस, म्हणून सांगते. ॲपच्या रंगरूपावर जीव टाकू नकोस, आधी प्रश्नांचा क्रम बघ. क्लॅमिडिया या शरीरसंबंधातून पसरणाऱ्या संसर्गात बहुतेकांना काहीच त्रास जाणवत नाही. 'लक्षणं आहेत का?' हेच पहिलं विचारलंस, तर ज्यांना तपासणीची गरज आहे तीच मुलं 'नाही' दाबून बाहेर पडतील. त्यापेक्षा संबंध कोणत्या प्रकारचे आले ते विचार. घशातला किंवा गुदमार्गातला संसर्ग लघवीच्या नमुन्यात सापडत नाही, तिथला स्वॅबच (कापसाच्या काडीने पुसून घेतलेला नमुना) लागतो. समोरासमोर जे बोलवत नाही, ते स्क्रीनवर सांगणं सोपं जातं.

घरी नमुना घ्यायचं किट देणार असशील तर सूचना चित्रांतून दे. योनीतला स्वॅब मुलीने स्वतः घेतला तरी तो डॉक्टरांनी घेतल्याइतकाच भरवशाचा असतो, हे ठळक लिही. लघवीची मात्र गंमत उलटी: एरवी मधली धार देतात, इथे पहिली हवी, 20-30 मिली, आणि त्याआधी तासभर लघवीला गेलेलं नको.

मेसेजबाबत फार जप. आमच्या एका मेसेजमध्ये आजाराचं नाव होतं आणि फोन नेमका आईच्या हातात. ती मुलगी परत आलीच नाही, मला अजून रुखरुख लागते. लॉक स्क्रीनवर फक्त 'तुमचा निरोप आला आहे' एवढंच दिसू दे.

रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर मात्र माणसानेच फोन करावा, त्याच दिवशी औषधाची सोय सांगावी, जोडीदाराला कसं कळवायचं तेही. तीन महिन्यांनी फेरतपासणीची आठवण ॲपवर सोपव.