नैवेद्याचं ताट आणि ओट्यापाशी उभी बाई

प्रश्न: मावशी, मी 38 वर्षांची, कोल्हापुरात राहते. धाकट्याच्या बाळंतपणानंतर वजन वाढलं ते उतरलंच नाही. घरातले आणि पैपाहुणे येताजाता बोलतात. म्हणून मंगळवार, शुक्रवार, एकादशी, चतुर्थी असे सगळे उपवास धरते आणि दिवस पाण्यावर काढते. पण रात्री सगळे झोपले की ओट्यापाशी उभी राहून लाडू, चिवडा, सकाळची चपाती, हाताला लागेल ते खाते. सकाळी अंबाबाईला जाते तेव्हा तिच्याकडे वर बघवत नाही. माझ्या भक्तीतच खोट आहे का?

उत्तर: बाळ, तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळेला एकाच ठिकाणी अडले. 'उभी राहून.' काय खातेस याची तू अख्खी यादी दिलीस, पण माझ्या मनाला लागलं ते तुझं उभं राहणं.

आधी भुकेचं बोलू. दिवसभर उपाशी ठेवलेलं शरीर रात्री अन्न मागणारच, आणि तेही गोड, तेलकट, झटकन अंगी लागणारं. त्याला हावरटपणा म्हणू नकोस. मग खाल्ल्याची लाज वाटते, लाजेपोटी पुढचा उपवास आणखी कडक होतो, आणि त्या उपवासातून पुन्हा तीच रात्र येते. गीतेच्या सहाव्या अध्यायातल्या 16 व्या श्लोकात कृष्ण सांगतो की फार खाणाऱ्याला योग साधत नाही, आणि मुळीच न खाणाऱ्यालाही साधत नाही. यातलं पहिलं आपल्याला सगळे ऐकवतात. दुसरं ऐकवणारं मला तरी कुणी भेटलं नाही, म्हणून ते मी तुला ऐकवते आहे.

आता मला सांग, सणाला तू देवीला नैवेद्य कसा दाखवतेस? पाण्यानं चौकोन काढतेस, त्यावर ताट ठेवतेस. भाताची मूद, वरण, वर तुपाची धार, डावीकडे लिंबाची फोड, चटणी, कोशिंबीर, गोडाचं काहीतरी. काही विसरलं तर पुन्हा आत जाऊन आणतेस. देवीला कधी कालची चपाती दिली नसशील, की डब्यातला चिवडा तिच्यापुढे नुसता सरकवला नसशील. आणि तू स्वतः? तुझ्यासाठी ताटच नाही. माझ्या आईनंही आयुष्यभर पातेल्यातलं उरलंसुरलं खाल्लं आणि आम्ही पोरं त्याला त्याग म्हणत राहिलो. आज त्याचं मला फार वाईट वाटतं. जी देवी सगळ्यांच्या ठायी आहे असं तू मानतेस, ती तुझ्याही ठायी आहे. मग तिला दिवसभर उपाशी ठेवून रात्री अंधारात उभ्यानं का खाऊ घालतेस?

कोल्हापूरच्या बाईला एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. गंगाराम कांबळे यांनी शाहू महाराजांच्या मदतीनं चहाचं दुकान काढलं. ते अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातले, म्हणून त्यांच्या हातचा चहा प्यायला लोक तयार नव्हते. तेव्हा महाराज तिथे गाडी थांबवायचे, त्यांच्याकडचा चहा स्वतः प्यायचे आणि सोबतच्यांनाही पाजायचे. जातीचा तो अन्याय आणि तुझं दुःख एका मापाचं नाही, हे मला ठाऊक आहे. पण कुणाला पंगतीत घ्यायचं नि कुणाला बाहेर ठेवायचं यावरून माणसाची किंमत ठरवू नये, हे या गावानं पाहिलेलं आहे. आणि तुझ्या घरच्या पंगतीतून तू स्वतःच स्वतःला उठवलं आहेस.

त्यामुळे वजनाचं पुढे बघू, आधी तू बसायला शीक. शुक्रवार धरायचा असेल तर जरूर धर, पण फळं, दूध, ताक, भगर, दाण्याची आमटी असं पोटभर खाऊन धर. बाकीचे उपवास सध्या सोड. देवीला ते शिक्षा म्हणून नको असतात, असं मला अगदी मनापासून वाटतं. रविवारी घरात पांढरा रस्सा झाला तर आपली वाटी सगळ्यांबरोबर बसून पी. रात्री भूक लागलीच तर दिवा लाव, ताटलीत वाढून घे आणि बसून खा. पैपाहुण्यांना एकदा शांतपणे सांग, "माझ्या अंगावर बोललेलं मला चालणार नाही." नवऱ्यालाही हे पत्र दाखव. हे ओझं तू एकटीनं वाहायचं नाहीस.

आणि डॉक्टरांना भेट. बाळंतपणानंतर न उतरणाऱ्या वजनामागे थायरॉइड असू शकतो, तो तपासून घे. खाल्लेलं मुद्दाम ओकून टाकत असशील, चक्कर येत असेल, पाळी चुकत असेल, तर अजिबात थांबू नकोस. मनाच्या डॉक्टरांशी बोलण्यात कमीपणा नाही. टेलि-मानसचा 14416 हा सरकारी नंबर फुकट आहे, तिथे मराठीतही बोलता येतं.

हे एका आठवड्यात जमणार नाही. एखाद्या रात्री पुन्हा ओट्यापाशी उभी असशील. तेव्हा किरणोत्सव आठव. नोव्हेंबरात आणि जानेवारीच्या अखेरीस मावळतीची किरणं देवळात शिरतात, पहिल्या दिवशी देवीच्या पायांवर येतात, मग वर सरकत चेहऱ्यापर्यंत जातात. एखाद्या वर्षी ढग किंवा धुरकं आडवं येतं आणि किरणं मध्येच थांबतात. त्या वर्षीही आरती होते, आणि लोक पुढच्या वेळेला पुन्हा येऊन उभे राहतात.

येत्या शुक्रवारी दर्शनाहून आलीस की दोन ताटं वाढ, एक देवीचं आणि एक तुझं. दोन्हींत सारखंच वाढ. मग पाटावर बसून जेव, आणि ताटात काय काय होतं ते मला लिहून कळव.

तुझी,
मावशी