पल्ल्याच्या आकड्याला भुलू नकोस

प्रिय मित्रा,

हवाई संरक्षण प्रणालींचा, म्हणजे येणारी विमानं आणि क्षेपणास्त्रं पाडणाऱ्या यंत्रणांचा, तुझा तक्ता पाहिला. एस-४००चा पल्ला ४०० किलोमीटर, आकाशचा २५, मग पॅट्रियट, आयर्न डोम आणि खाली प्रश्न : ‘यांत सगळ्यांत भारी कोण?’ मेहनत दिसते. पण गोपाळपूरच्या आर्मी एअर डिफेन्स कॉलेजात जायचं मनात असेल, तर हा प्रश्न आधी सोडून दे. समोरून काय येतंय आणि ते आपल्याला किती आधी दिसणार, हे विचार.

कागद-पेन्सिल घे. रडारचा अँटेना २० मीटर उंच आहे, क्रूझ क्षेपणास्त्र, म्हणजे विमानासारखं जमिनीलगत उडणारं, ३० मीटरवरून येतंय. दोन्ही आकड्यांची वर्गमुळं काढ, बेरीज कर, ४.१ने गुण. साधारण ४१ किलोमीटर येतील. त्यापलीकडे पृथ्वीची गोलाई आड येते, मग रडार कितीही महागाचं असो. ताशी ८०० किलोमीटर वेगाने हे अंतर तीन मिनिटांत संपतं. मध्ये टेकडी आली तर तेवढंही हाती नाही. म्हणून तर वरून खाली पाहणारं, विमानात बसवलेलं रडार लागतं.

बॅलिस्टिक क्षेपणास्त्राची तऱ्हा उलटी. फेकलेल्या दगडासारखं उंच चढतं, त्यामुळे लांबून दिसतं. वाटही बरीचशी गणिताने काढता येते. पण उतरताना वेग आवाजाच्या कित्येक पट. जवळ स्फोट करून छर्रे मारले की विमान पडतं. बॅलिस्टिकचं वॉरहेड, म्हणजे टोकाचा स्फोटक भाग, मात्र छर्रे खाऊनही खाली येऊ शकतं. पॅट्रियटचं पॅक-३ क्षेपणास्त्र म्हणूनच थेट धडकतं.

सौदी अरेबियातल्या धाहरानची घटना नीट वाच. २५ फेब्रुवारी १९९१. तिथली पॅट्रियट बॅटरी, म्हणजे रडार आणि क्षेपणास्त्रांची तुकडी, सलग १०० तास चालू होती. तिचं घड्याळ सेकंदाचे दहावे भाग मोजायचं, आणि ०.१ हा आकडा संगणकाच्या बायनरीत, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून, पुरता मावत नाही, शेपूट कापावी लागते. चूक साठत साठत सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शावर गेली. तेवढ्यात इराकचं स्कड बॅलिस्टिक क्षेपणास्त्र अर्ध्या किलोमीटरहून जास्त पुढे सरकतं. रडारने पुढच्या खेपेला भलत्याच जागी पाहिलं, तिथे काही नव्हतं, म्हणून एकही क्षेपणास्त्र सुटलं नाही. २८ अमेरिकी सैनिक गेले. दुरुस्त सॉफ्टवेअर दुसऱ्या दिवशी पोचलं! पॅट्रियट मुळात विमानांसाठी घडवलेली. विमानाच्या वेगाला ही चूक बहुधा खपून गेली असती.

ड्रोनचं दुखणं आणखी वेगळं. १४ सप्टेंबर २०१९ला अबकैक आणि खुरैस या सौदी तेलकेंद्रांवर ड्रोन आणि क्रूझ क्षेपणास्त्रं आली, सौदीचं निम्मं तेल उत्पादन काही काळ बंद पडलं. पॅट्रियट सौदीकडे होती, तरीही. बरं, काही हजार डॉलरच्या ड्रोनवर काही दशलक्ष डॉलरचं क्षेपणास्त्र रोज कोण उडवणार? तू ‘जुनाट’ म्हणून वगळलेली ४० मिलिमीटरची एल-७० विमानविरोधी तोफ मे २०२५मध्ये, भारत-पाकिस्तान संघर्षात, ड्रोनवर चालवली गेली. तिला तक्त्यात परत घे.

पल्ल्याशेजारी ‘हाती उरलेले सेकंद’ असा रकाना घाल. आणि एक गणित सोडवून पाठव : युद्धनौकेचं रडार २५ मीटरवर, शत्रूचं क्षेपणास्त्र लाटांवरून ५ मीटरने, वेग ब्राह्मोसइतका, म्हणजे सेकंदाला जवळपास एक किलोमीटर. कप्तानाकडे किती वेळ आहे? कॅल्क्युलेटर चालेल, तयार उत्तर चालणार नाही.