क्लासची तीन वर्षांची फी एकदम भरावी का?

प्रश्न थोडक्यात असा: मुलगी नववी पास होऊन दहावीत जाते आहे, वय १४, राज्य मंडळाची सेमी-इंग्रजी शाळा. गणितात चांगली आहे. 'इंजिनिअर किंवा संशोधक' असं म्हणते, पण ठाम नाही. एका क्लासने दहावी, अकरावी आणि बारावीची मिळून ३,६०,००० रुपये फी सांगितली आहे. महिनाअखेरपर्यंत एकरकमी भरल्यास १५ टक्के सूट, म्हणजे ३,०६,०००. दोघांचा मिळून हातात येणारा पगार ५६,०००, घरकर्जाच्या हप्त्यासह खर्च ४५,५००. मुदत ठेव २,४०,०००, पीपीएफमध्ये ४,१०,०००, २०१६ साली उघडलेल्या सुकन्या समृद्धी खात्यात ५,६०,०००. यजमान ठेव मोडून उरलेलं पीपीएफमधून काढायचं म्हणतात. क्लासवाले म्हणतात, फायनान्स कंपनीकडून हप्ते करून देतो.

ताई, ठेव मोडू नका आणि हप्तेही करू नका. क्लास लावू नका, असं मात्र मी म्हणत नाही.

आधी क्लासला एकच प्रश्न विचारा: ही फी जीएसटी धरून आहे का? खासगी क्लासच्या फीवर १८ टक्के जीएसटी लागतो. तो वेगळा असेल तर ३,०६,००० वर ५५,०८० रुपये होतात. सूट आहे ५४,०००. म्हणजे जी सूट म्हणून सांगितली, ती पावती हातात येईपर्यंत संपलेली असते.

जीएसटी धरून असेल, तरी हिशेब तुम्हाला वाटतो तितका गोड नाही. दरवर्षी १,२०,००० भरले तर उरलेले पैसे तुमच्याच ठेवीत राहतात. साडेसहा टक्क्यांनी दोन वर्षांत त्यावर साधारण १७,००० व्याज सुटेल. म्हणजे सुटीचा खरा फायदा ३७,०००. उलट पहिल्या वर्षानंतर तिने क्लास सोडला आणि परतावा मिळाला नाही, तर पहिल्या वर्षाचे १,२०,००० वजा जाता १,८६,००० अडकले. ३७ हजारांसाठी पाचपट रक्कम पणाला लावायची, तर मुलगी तीन वर्षं टिकेल याची खात्री सहात पाचपेक्षा जास्त हवी. जिचं अजून 'इंजिनिअर किंवा संशोधक' चाललं आहे, तिच्याबाबत अशी खात्री कोण देईल? दहावीनंतर शाखा बदलते, गाव बदलतं, कधी कधी शिकवणारे सरच दुसऱ्या क्लासला जातात.

केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये क्लासेससाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. १६ वर्षांखालील विद्यार्थ्याला प्रवेश देऊ नये, माध्यमिक शालान्त परीक्षेनंतरच द्यावा, असं त्यात आहे. मध्येच सोडल्यास उरलेल्या काळाची फी १० दिवसांत परत करावी, असंही आहे. या सूचना आहेत, कायदा नव्हे. म्हणून परताव्याची अट प्रवेश अर्जावर छापलेली आहे का, ते स्वतः वाचा. 'फी कोणत्याही कारणाने परत मिळणार नाही' असं बारीक अक्षरात असेल तर पुढे बोलण्यात अर्थ नाही.

फायनान्सच्या हप्त्यांचं दुखणं वेगळं. कंपनी सगळी रक्कम क्लासला देऊन मोकळी होते आणि कर्ज तुमच्या नावावर राहतं. क्लास बंद पडला किंवा मुलीने सोडला, तरी हप्ता थांबत नाही. रागाने थांबवलात तर सिबिल, म्हणजे कर्जफेडीची तुमची पत, बिघडतं. तीन वर्षांनी शैक्षणिक कर्जाला सहकर्जदार तुम्हीच असणार, तेव्हा बँक तेच सिबिल बघेल.

आता पैसे कुठून आणायचे ते पाहू. पीपीएफमधून हवे तेवढे निघत नाहीत. खात्याच्या सातव्या आर्थिक वर्षापासून, चार वर्षांपूर्वीची वर्षअखेरची शिल्लक किंवा गेल्या वर्षअखेरची शिल्लक, यांतली जी कमी तिच्या निम्मीच रक्कम काढता येते. पासबुकात चार वर्षांपूर्वी १,७६,००० दिसतात, म्हणजे हाती येतील ८८,०००. ठेव आणि हे मिळून फी भागेल खरी, पण घरात आजारपणाला जेमतेम २२,००० उरतील. ठेव म्हणजे तुमचा पाच महिन्यांचा खर्च आहे. ती तशीच राहू द्या.

दहावीचं वर्ष शाळेचा अभ्यास आणि गरज पडली तर गणित-विज्ञानाची जवळची शिकवणी, एवढ्यावर काढा. मंडळाच्या परीक्षेच्या वर्षात 'फाउंडेशन'च्या नावाखाली प्रवेश परीक्षेची घाई केली की दोन्हीकडे ओढाताण होते. महिन्याला उरणाऱ्या १०,५०० मधून ८,००० ची आवर्ती ठेव आजच सुरू करा. वर्षभरात व्याजासह लाखाच्या जवळ जमतील. अकरावीच्या फीत २० हजारांच्या आसपास कमी पडेल, तेवढंच मुदत ठेवीतून घ्या. बारावीची फी पुन्हा याच मार्गाने. निकालानंतर तिचं मन पक्कं झालं नाही, तर जमलेला पैसा तुमच्याच खात्यात असेल. तिला राज्यातलंच अभियांत्रिकी महाविद्यालय हवं असेल तर क्लासला विचारा, की एमएचटी-सीईटीची, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षेची, तयारी कशी घेता. त्या परीक्षेत अकरावीचा भाग सुमारे २० टक्के, बारावीचा ८० टक्के असतो आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. जेईईची, म्हणजे आयआयटीसारख्या संस्थांच्या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेची, तयारी निराळी, आणि सगळ्यांना तीच विकली जाते.

सुकन्या खात्याला क्लाससाठी हात लावायचा नाही, तो पैसा पदवीचा आहे. १८ वर्षं पूर्ण झाल्यावर किंवा दहावी उत्तीर्ण झाल्यावर, जे आधी होईल तेव्हापासून, मागील आर्थिक वर्षअखेरच्या शिलकीच्या निम्म्यापर्यंत रक्कम शिक्षणासाठी काढता येते. एकदम किंवा वर्षातून एकदा, जास्तीत जास्त पाच वर्षं. संस्थेचं प्रवेशपत्र किंवा फीची पावती लागते आणि प्रत्यक्ष फीइतकीच रक्कम मिळते. ८.२ टक्के दर टिकला आणि वर्षाला ४०,००० भरत राहिलात, तर बारावीच्या सुमारास साडेआठ लाखांच्या आसपास होतील. निम्मे, म्हणजे सव्वाचार लाख, पदवीला.

त्यात आणखी बचत होऊ शकते. इतर मागास, आर्थिक दुर्बल आणि सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास प्रवर्गातल्या मुलींना, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असल्यास, व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिक्षण व परीक्षा शुल्क २०२४ पासून राज्य सरकार पूर्ण माफ करतं. प्रवेश मात्र केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून हवा. व्यवस्थापन कोट्याला हे लागू नाही. तुमचा हातात येणारा पगार वर्षाला ६,७२,००० होतो, पण उत्पन्नाच्या दाखल्यासाठी कपातीपूर्वीचं उत्पन्न पाहिलं जातं. म्हणून दोघांच्या फॉर्म १६ वरचा (नोकरीच्या ठिकाणाहून मिळणाऱ्या पगार-कर प्रमाणपत्रावरचा) आकडा आत्ताच बेरीज करून बघा. आठ लाखांच्या काठावर असाल तर प्रवेशाच्या वर्षी तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला एप्रिल-मेमध्येच काढून ठेवा. जून-जुलैत सेतू केंद्रावर रांग लागते आणि महाडीबीटीवर, म्हणजे शिष्यवृत्ती व शुल्कमाफीच्या सरकारी संकेतस्थळावर, अर्ज अडकतो.