ओगर: एका रणगाड्यासमोर अख्खी फौज, आणि त्यातली मेख

ओगर या पटावरच्या युद्धखेळाबद्दल तुमचे प्रश्न तीन. एका बाजूला एकच रणगाडा आणि दुसरीकडे सगळी फौज, असा डाव बरोबरीचा होतो का? थोड्या डावांनंतर तो शिळा वाटू लागतो, हे खरं का? आणि समोर कोणी नसेल तर एकट्याने खेळता येतो का? तिन्हींचं उत्तर ‘हो’ आहे. दुसऱ्याचं ‘हो’ जरा नाइलाजाने देतोय, कारण खेळ माझ्या फार आवडीचा आहे.

ओगर १९७७ साली मेटागेमिंग या कंपनीने काढला, ‘मायक्रोगेम’ मालिकेतला पहिला खेळ म्हणून. रचना स्टीव्ह जॅक्सन यांची, किंमत २.९५ डॉलर. तेव्हाचे षटकोनी घरांचे युद्धखेळ म्हणजे जाडजूड नियमपुस्तिका आणि दिवसभराचा डाव, असं साधारण समीकरण होतं. हा मात्र तासाभरात संपणारा. भविष्यातलं युद्ध, माणसाशिवाय स्वतःच विचार करणारा एक महाकाय रणगाडा, म्हणजे ओगर, आणि त्याच्यापासून आपली कमांड पोस्ट वाचवू पाहणारी नेहमीची फौज. कथानक एवढंच, आणि तेवढं पुरतं.

मार्क थ्री या लहान प्रकारच्या ओगरकडे १ मुख्य तोफ, ४ दुय्यम तोफा, एकदाच वापरता येणारी २ क्षेपणास्त्रं आणि पायदळावर चालणाऱ्या ८ लहान बंदुका असतात. शिवाय ज्यांवर तो चालतो ते ४५ पट्टे. यातली प्रत्येक गोष्ट तुटेल तशी कागदावर वेगळी खोडायची. बचाव करणाऱ्याला १२ चिलखती वाहनं आणि पायदळाच्या २० तुकड्या मिळतात, आणि वाहनं कोणती घ्यायची हे तोच ठरवतो. हॉवित्झर, म्हणजे लांब पल्ल्याची तोफ, हवी असेल तर ती एक दोन वाहनांच्या जागी मोजायची.

आता खेळाचा जीव कशात आहे ते सांगतो. बचाव करणाऱ्याला प्रत्येक गोळीला एकच प्रश्न पडतो: शस्त्र फोडू की पट्टे तोडू? शस्त्रावर अनेक वाहनांची ताकद एकत्र करून मारा करता येतो. दुय्यम तोफेचा बचाव ३. दोन हेवी टँकची ताकद मिळून ८, म्हणजे अपूर्णांक सोडून प्रमाण २ ला १, तोफ फुटण्याची शक्यता निम्मी. तिसरा टँक जोडला की १२ विरुद्ध ३, प्रमाण ४ ला १, आणि फाशावर १ पडला तरच तोफ वाचते. पट्ट्यांवर मात्र प्रत्येकाने स्वतंत्र मारायचं, प्रमाण कायम १ ला १. ५ किंवा ६ पडला तर मारणाऱ्याच्या ताकदीइतके पट्टे जातात. म्हणजे हेवी टँकचा एक मारा सरासरी सव्वा पट्ट्याच्या जरा वर. ४५ पट्टे असे कधी तुटायचे, असं वाटतं खरं. पण १५ गेले की ओगरचा वेग ३ वरून २ वर येतो, आणि तिथे डावाचा रंग पालटतो.

तो का, हे जीईव्ही या हवेच्या गादीवर तरंगणाऱ्या वाहनांकडे पाहिलं की कळतं. जीईव्ही ४ घरं पुढे येते, २ घरांवरून गोळी झाडते आणि लगेच ३ घरं मागे पळते. म्हणजे शेवटी ती ओगरपासून ५ घरांवर असते. वेग ३ असताना, चाल आणि पल्ला मिळून, ओगरची मुख्य तोफ ६ घरांपर्यंत पोचते आणि दुय्यम तोफा ५ घरांपर्यंत, त्यामुळे जीईव्ही दोन्हींच्या तावडीत सापडते. वेग २ झाला की दुय्यम तोफांची पोच ४ वर येते. मुख्य तोफ आणि क्षेपणास्त्रं तोवर संपवलेली असतील, तर जीईव्ही पुढचे सगळे डंख फुकटात मारतात. डावाचा सगळा पेच या एका घराच्या फरकात आहे! सुरुवातीच्या आवृत्तीत जीईव्ही याहून चपळ होत्या आणि फक्त त्याच घेऊन खेळणारा जवळजवळ हटकून जिंकायचा, म्हणून पुढे त्यांचा वेग कमी केला गेला.

हॉवित्झरबद्दल नवे खेळाडू भुलतात. ताकद ६, पल्ला ८, पाहून तोंडाला पाणी सुटतं. पण तिचा बचाव फक्त १, आणि जागची हलत नाही. ओगरच्या क्षेपणास्त्राची ताकद ६ आणि पल्ला ५. वेगाचे ३ मिळवले तर तेही ८ घरांपर्यंत पोचतं, आणि ५ ला १ च्या पुढे फासा टाकायचीसुद्धा गरज नसते, हॉवित्झर गेलीच. म्हणून मी दोन घेतो, तिसरी कधीच नाही. त्या दोघींनी ओगरची दोन्ही क्षेपणास्त्रं अंगावर ओढून घेतली तरी त्यांचे पैसे वसूल झाले असं समजतो.

पायदळाला कमी लेखू नका. दगडधोंड्यांच्या कडा ओगर आणि पायदळ सोडून कोणालाच ओलांडता येत नाहीत, आणि खळग्यांत तर कोणीच शिरत नाही. त्यामुळे पटाच्या मधल्या भागात ओगरच्या अंगाला भिडून राहू शकणारं तेवढंच एक अस्त्र तुमच्याकडे आहे. पल्ला १ घराचा, पण पट्टे कुरतडायला उत्तम. शिवाय त्यांच्यावर दुय्यम तोफा झाडल्या गेल्या तर तेवढ्या तुमच्या टँकवर झाडल्या गेल्या नाहीत.

एवढं सगळं वाचून एक गोष्ट तुमच्या लक्षात आली असेल. मी जे काही सांगतोय ते सगळं बचाव करणाऱ्याच्या बाजूचं आहे. खेळाचा खरा दोष हाच. फौज कोणती निवडायची, ती कुठे मांडायची, पुढच्या भागात किती ठेवायची (तिथे ताकदीची मर्यादा आहे), कोणावर मारायचं, कोणाचा बळी द्यायचा, सगळं डोकं एका बाजूने लावायचं. ओगर खेळणाऱ्याला एकच सोंगटी. पहिल्या डावाला ती मजा अफाट असते, टँक चिरडत पुढे जाताना कोणाला नाही आवडणार! पण चौथ्या-पाचव्या डावापासून त्याच्या चाली ठरून जातात: ज्या बाजूला फौज विरळ तिकडून घुसायचं, थांबायचं नाही, मोठ्या तोफा टँक आणि जीईव्हींसाठी राखायच्या. दोन समान तयारीचे खेळाडू बसले की डावाचा बराचसा निकाल मांडणीतच लागलेला असतो, आणि उरलेलं फासे ठरवतात.

फाशांचा प्रश्न मार्क थ्रीत जास्त बोचतो. मुख्य तोफ एकच. ती पहिल्याच माऱ्यात गेली तर ओगरवाला पुढचा अर्धा तास नुसता औपचारिकता म्हणून खेळतो. उलटंही होतं, चांगल्या प्रमाणाचे तीन मारे लागोपाठ वाया जातात आणि बचाव कोसळतो. त्यावर उपाय पेटीतच आहे. मार्क फाइव्ह हा मोठा ओगर घ्या. २ मुख्य तोफा, ६ दुय्यम, ६ क्षेपणास्त्रं, ६० पट्टे, आणि समोर २० वाहनं, ३० तुकड्या. फासे जास्त पडतात म्हणून नशीब सपाट होतं, आणि ओगरवाल्यालाही क्षेपणास्त्रं कधी उडवायची याचा थोडा विचार करावा लागतो. माझ्या मते नियम शिकल्यावर मार्क थ्री सोडूनच द्यावा.

पट मात्र मार्क फाइव्हनेही बदलत नाही. उजाड मैदान, खळगे, दगडधोंडे, बस. कोणताही अडथळा गोळीबार अडवत नाही, त्यामुळे लपण्याची कला या खेळात नाहीच. तुम्हाला भूभागाचा डाव आवडत असेल तर १९७८ चा पुढचा खेळ, जी.ई.व्ही., बघा. गावं, जंगल, दलदल, रस्ते, आणि दोन्हीकडे साधी फौज. तो ओगरइतका धारदार नाही, पण शिळा व्हायला कितीतरी जास्त वेळ घेतो. दोन्ही खेळांचे नियम एकमेकांत मिसळतात, तेव्हा शिकलेलं वाया जात नाही.

आवृत्ती कोणती घ्यायची, यावर फार डोकं लावू नका. २०१२ मध्ये लोकवर्गणीतून ९ लाख डॉलरहून जास्त जमवून जी भव्य आवृत्ती आली, तिची पेटी १२ किलोंहून जड आहे. जाड पुठ्ठ्याचे उभे ओगर दिसतात सुंदर, वाद नाही, पण जो खेळ खिशात मावायचा तो उचलायला आता दोन हात लागतात. पहिल्यांदा घेणाऱ्याने लहानात लहान आणि स्वस्तात स्वस्त आवृत्ती घ्यावी. ऑरॉक डिजिटलने २०१७ मध्ये संगणकावरही आणला. प्रमाणांची आकडेमोड टाळायची असेल तर तो बरा.

राहिला एकट्याने खेळण्याचा प्रश्न. इथे मघाचा दोष कामी येतो. पटावर लपवलेलं काहीच नाही आणि ओगरचे निर्णय मोजके, म्हणून ओगरला चार नियम लावून द्यायचे आणि आपण फौज खेळायची. मी वापरतो ते असे: दर चालीला पूर्ण वेगाने कमांड पोस्टकडे जवळच्या मोकळ्या वाटेने जायचं; वाटेत चिरडता येईल असा टँक आला तर चिरडायचा; गोळी पल्ल्यातल्या सर्वांत जास्त ताकदीच्या वाहनावर, ४ ला १ मिळेपर्यंत तोफा जोडून; क्षेपणास्त्रं फक्त हॉवित्झरवर, आणि त्या संपल्या तर हेवी टँकवर. पायदळ शेजारच्या घरात असेल तर लहान बंदुका सगळ्या त्यांच्यावर. हा ओगर हुशार नाही, पण मार्क फाइव्ह असेल तर चांगलाच घाम काढतो. फार सोपं जाऊ लागलं तर फौजेतली दोन वाहनं कमी करा.