पिरानेसीच्या एचिंगमधील रोमचे भग्नावशेष प्रत्यक्षात तसेच होते का?

इटालियन चित्रकार जोव्हान्नी बात्तिस्ता पिरानेसीच्या (१७२०–१७७८) एचिंगमध्ये, म्हणजे आम्लाने कोरलेल्या पत्र्यावरून छापलेल्या चित्रांत, रोमचे अवशेष इतके अजस्र आणि अर्धे मातीत गाडलेले का दिसतात, ते खरोखर तसे होते का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते गाडलेपण खरे आहे, अजस्रपणा मात्र बराचसा त्याने घडवलेला आहे.

प्राचीन रोमचा फोरम, म्हणजे शहराचा मुख्य सार्वजनिक चौक, त्या काळी गुरांचे कुरण होता, आणि शतकानुशतके साचलेल्या मातीने तेथील वास्तू गिळल्या होत्या. तेथील रोमन सम्राट व्हेस्पेशियनच्या मंदिराचे तीन खांब त्याने जवळजवळ माथ्यापर्यंत पुरलेले दाखवले आहेत, त्यात अतिशयोक्ती नाही. १९व्या शतकाच्या आरंभी उत्खनन झाल्यावरच ते बुंध्यापर्यंत मोकळे झाले.

आकाराचे मात्र वेगळे आहे. पाहणाऱ्याची नजर तो खाली ठेवतो आणि पायथ्याशी काडीएवढी, हातवारे करणारी माणसे पेरतो, त्यामुळे भिंत आपोआप डोंगराएवढी होते. ही चित्रे मनात ठेवून रोमला गेलेल्या जर्मन कवी गटेचाही सम्राट कॅराकॅलाच्या स्नानगृहांचे अवशेष पाहून काहीसा हिरमोड झाला होता.

तंत्राचाही यात वाटा आहे, आणि मुद्राचित्रण (पत्र्यावरील रेषांत शाई भरून कागदावर छाप घेण्याची कला) शिकताना मी स्वतः तांब्याचे पत्रे खराब केलेले असल्यामुळे मला तोच सर्वांत मोठा वाटतो. तांब्याच्या पत्र्यावर मेणमिश्रित थर देऊन सुईने रेषा ओढतात आणि पत्रा आम्लात बुडवतात; आम्ल रेषांच्या जागीच तांबे खाते. फिकट हव्या असलेल्या रेषा थोड्या वेळाने वार्निशने झाकून उरलेल्या पुन्हा आम्लाला खाऊ देतात. पिरानेसी हे इतक्या वेळा करत असे की, दूरचे आकाश केसाएवढ्या रेषेत राही आणि कमानीखालचा अंधार खोल, शाईने तुडुंब भरलेल्या चरांतून उमटे. भिंगाखाली पाहिल्यास विटांच्या सांध्यांतून उगवलेल्या झुडपाची रेषा आखीव नसून थरथरती, तुटक असल्याचे दिसते. दगड झिजल्याचा भास तिथूनच येतो. (आमच्या हातून असा पत्रा हटकून जास्त खाल्ला जाई आणि छाप नुसता काळा येई.)

तरीही ही चित्रे निव्वळ कल्पना समजू नयेत. १७७६च्या सुमारास त्याने आकाशातून पाहावे तसे कलोसियम, म्हणजे रोमचे प्राचीन गोलाकार क्रीडागार, काढले. त्यात रिंगणाच्या कडेने उभ्या असलेल्या छोट्या ख्रिस्ती देवळ्या स्पष्ट दिसतात. त्या १८७४मध्ये हटवण्यात आल्या.